जवान जिंकतो, सरकार अपील करते

जुलै २०२५च्या प्रारंभी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या जवळपास तीनशे याचिका एका निकालाने फेटाळून लावल्या. या याचिकांतील प्रतिवादी माजी सैनिक होते. नोकरीच्या काळात जडलेल्या विकारांबद्दल सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर केले होते आणि ते मिळू नये म्हणून संरक्षण मंत्रालय उच्च न्यायालयात गेले होते. निकालाच्या बातम्या झाल्या आणि चार दिवसांत विरल्या. पण ज्या जवानाच्या बाजूने एकदा निकाल लागला आहे, त्याला पुन्हा न्यायालयात खेचण्याची गरज सरकारला शेकड्याने का वाटावी, हा प्रश्न मात्र राहिलाच. दिल्लीत वकील आहेत, न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ आहे आणि मंत्रालयही हाकेच्या अंतरावर आहे. अशा ठिकाणी या प्रश्नाची धार पुरती जाणवत नाही. ती जाणून घ्यायची तर बंगळूरकडे पाहिले पाहिजे.

सैनिकी परंपरेची बंगळूरमध्ये वानवा नाही. मद्रास इंजिनिअर ग्रुप, आर्मी सर्व्हिस कोअर, लष्करी पोलीस आणि पॅराशूट रेजिमेंट यांची केंद्रे या शहरात आहेत. हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालय आणि कमांड रुग्णालयही येथेच आहे. निवृत्तीनंतर येथेच स्थायिक झालेल्या अधिकाऱ्यांच्या वसाहती आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या फाटकांवर निळ्या गणवेशात उभे राहणारे माजी हवालदार व नायकही आहेत. त्यांत कन्नड, तमिळ, मल्याळी आहेत, तसे मराठीही आहेत. एवढे असूनही सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या पीठांच्या यादीत बंगळूरचे नाव नाही. चंडीगड, लखनौ, कोलकाता, गुवाहाटी, जयपूर, जबलपूर, मुंबई, चेन्नई, कोची अशा शहरांत प्रादेशिक पीठे आहेत. कर्नाटकातील सैनिकांचे दावे मात्र केरळमधील कोची पीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

सीमेवरचा जवान, कोचीचे पीठ

या व्यवस्थेचा सर्वांत विचित्र परिणाम बेळगाव परिसरात दिसतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२पासून बेळगावात आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून बेळगाव जिल्ह्यापर्यंतच्या गावांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या तेथे भरती होत आली. एकाच तुकडीत, एकाच खंदकात दिवस काढलेले दोन हवालदार निवृत्त होतात. एक गडहिंग्लजला घर बांधतो, दुसरा संकेश्वरला. दोन गावांत अंतर फार तर पंधरा-वीस किलोमीटरचे. दोघांची भाषा एक, रेजिमेंट एक, आजारही एकच असू शकेल. पण गडहिंग्लजचा हवालदार मुंबईच्या पीठाकडे दाद मागतो आणि संकेश्वरच्या हवालदाराला कोचीकडे पाहावे लागते. बेळगावहून कोची आठ-नऊशे किलोमीटर. तेथे ना ओळखीचा वकील, ना ओळखीची भाषा. सीमाप्रश्नावर कोणाचे काहीही मत असो, सैनिकाला पडणारा हा भुर्दंड कोणालाही न्याय्य वाटणार नाही.

यातला दैवदुर्विलास तारखांत आहे. उत्तर कर्नाटकातील पक्षकारांना बंगळूरपर्यंत हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून दीर्घ आंदोलनानंतर जुलै २००८मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड पीठ सुरू झाले. बेळगावकरांसाठी न्याय ऐंशी किलोमीटरच्या आत आला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००९मध्ये, २००७च्या कायद्यान्वये सशस्त्र दल न्यायाधिकरण कार्यान्वित झाले आणि सैनिकांचे उच्च न्यायालयांतील प्रलंबित दावे त्याच्याकडे वर्ग झाले. सैनिकाला लवकर, स्वस्त आणि जाणकार न्याय मिळावा, हा न्यायाधिकरणाचा हेतू होता आणि तो स्तुत्यच होता. परंतु धारवाडच्या शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दारी जो न्याय येऊन पोहोचला, तोच त्यांच्या शेजारच्या माजी सैनिकापासून दूर गेला. फिरत्या बैठका भरवून किंवा दूरदृश्य सुनावणी घेऊन ही गैरसोय कमी करता येते, हे खरे. पण सोय ही कोणाच्या तरी मर्जीवर चालते. स्थायी पीठ हा हक्क असतो.

सहा टक्के आणि पंधरा टक्के

या खटल्यांत पणाला काय लागलेले असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. सैनिक सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ त्याची तपासणी करते. अपंगत्व किमान वीस टक्के असेल आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले असे मंडळाने मान्य केले, तर निवृत्तिवेतनाबरोबर अपंगत्वाचा घटक मिळतो. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के, हे त्याचे जुने प्रमाण. म्हणजे वीस टक्के अपंगत्वाला सहा टक्के. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये राम अवतार खटल्यात टप्प्यांच्या लाभाची कक्षा व्यापक केली. त्यानुसार पन्नास टक्क्यांखालील अपंगत्व पन्नास टक्के धरले जाते आणि सहाचे पंधरा टक्के होतात. चाळीस हजार रुपये अखेरचे वेतन असलेल्या हवालदाराच्या घरात ही रक्कम महिना सहा हजार रुपये होते, त्यावर महागाई मदत वेगळी. मंत्रालयाच्या हिशेबात ही रक्कम नगण्य आहे. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेल्या, मुले अजून शाळेत असलेल्या माणसाला मात्र ती आयुष्यभर पुरणारा आधार असते.

सारा वाद ‘सेवेमुळे’ या एका शब्दाभोवती फिरतो. वैद्यकीय मंडळ अनेकदा छापील साच्यातले एक वाक्य लिहून मोकळे होते: विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि बळावलेलाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये धरमवीर सिंग खटल्यात या साच्याला तडा दिला. सैन्याच्या सिग्नल विभागातील एका जवानाला नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या कारणाने घरी पाठवण्यात आले होते. भरतीच्या वेळी त्याच्या प्रकृतीत दोष असल्याची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असेच गृहीत धरले पाहिजे आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेह जडलेल्या एका निवृत्त सुभेदाराच्या प्रकरणात हेच सूत्र पुढे नेले. केवळ शांत ठाण्यावर नेमणूक असताना आजार उद्भवला, एवढ्या कारणावरून हक्क नाकारता येणार नाही आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत, असा त्या निकालाचा आशय आहे.

कायदा इतका स्पष्ट असताना वाद उरतोच कुठे? तो उरतो नस्तीवर. न्यायाधिकरणाचा निकाल सैनिकाच्या बाजूने लागला, की नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे निघते. निकाल मान्य करावा अशी टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या लेखापरीक्षणात जाब विचारला जाऊ शकतो. अपील करावे अशी टिपणी लिहिणाऱ्याला कोणीही काही विचारत नाही. अपील हरले, तर दोष न्यायालयाचा. अपिलाचा खर्च सरकारी तिजोरीतून जातो, सैनिकाचा वकील मात्र त्याच्या निवृत्तिवेतनातून पोसला जातो. अशा व्यवस्थेत कोणीही दुष्ट असण्याची गरज नसते. प्रत्येकाने फक्त स्वतःची मान सुरक्षित ठेवली, की साठीतला माजी जवान आपोआप भरडला जातो.

दुधारी ठरलेला निकाल

या वृत्तीला अलीकडे एक नवी वाट सापडली. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१५च्या एका निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग जवळपास बंद झाला होता. न्यायाधिकरणात हरलेल्या गरीब जवानाला थेट सर्वोच्च न्यायालय गाठणे अशक्यप्राय होते, म्हणून त्या निकालावर टीका झाली. मार्च २०२३मध्ये परशोत्तम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा अधिकार पुन्हा अधोरेखित केला आणि माजी सैनिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण उघडलेल्या दारातून सरकारही आत शिरले. दिल्लीत फेटाळल्या गेलेल्या सुमारे तीनशे याचिका हे त्याचेच फळ. दुर्बलासाठी केलेली सोय सबलाने आधी वापरली.

सरकारची बाजू पूर्णपणे पोकळ आहे, असे म्हणता येणार नाही. संरक्षण निवृत्तिवेतनासाठी २०२५-२६च्या अर्थसंकल्पात १ लाख ६० हजार ७९५ कोटी रुपयांची तरतूद होती आणि लाभार्थी सुमारे ३४ लाख. अपंगत्वाच्या लाभाचा गैरवापर होतो, विशेषतः वरच्या हुद्द्यांवर निवृत्तीच्या तोंडाशी विकार ‘सापडतात’, ही कुजबुज सैन्यातही नवी नाही. अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांच्या दुपटीच्या घरात असल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालातही दिसून आले. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या नव्या नियमांनी निकष कडक केले, ते याच कारणास्तव. मात्र गैरवापर रोखायचा तर वैद्यकीय मंडळाचे काम काटेकोर झाले पाहिजे, आणि ते तपासणीच्या टेबलावर व्हायला हवे. तेथे छापील वाक्यावर भागवायचे आणि पुढे दहा वर्षे सरसकट सर्वांशी खटले खेळायचे, यात वरचा लबाड अधिकारी सुटतो आणि खालचा प्रामाणिक नायक अडकतो. चांगला वकील नेमण्याची ऐपत त्या दोघांपैकी कोणाची असते, हे सांगायला नको.

जिंकलेला निकाल पदरात पडण्यास किती वेळ लागतो, याचा धडा ‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ प्रकरणानेही दिला आहे. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने २०११मध्ये ही मागणी मान्य करण्याची शिफारस केली. जंतरमंतरवरील आंदोलनानंतर सप्टेंबर २०१५मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजनेची घोषणा केली. मार्च २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवून जुलै २०१९पासूनच्या फेरनिश्चितीचा आदेश दिला. तरी थकबाकी चार हप्त्यांत देण्याचे पत्रक मंत्रालयाने जानेवारी २०२३मध्ये परस्पर काढले. न्यायालयाने कान उपटल्यावर २० मार्च २०२३ रोजी वेळापत्रक ठरले. वृद्धांना आधी आणि इतरांना फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत थकबाकी देण्याचे सरकारला बंधन पडले. या वाटेत किती जणांनी डोळे मिटले, याचा हिशेब कोणत्याही पत्रकात नसतो.

करण्यासारखे काय?

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते नवेही नाहीत. पर्रीकरांनीच २०१५मध्ये तज्ज्ञ समिती नेमली होती. माजी सैनिकांविरुद्धची अपिले कशी कमी करता येतील, याच्या शिफारशी त्याच वर्षी सादर झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ज्या मुद्द्याचा निर्णय एकदा दिला आहे, त्या मुद्द्यावर अपील करायचे असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने लेखी कारणे द्यावीत, एवढा साधा दंडक घातला तरी अर्ध्या नस्त्या जागीच मिटतील. न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली असू नये, कारण त्याच्यासमोर सर्वाधिक वेळा प्रतिवादी म्हणून उभे राहते तेच मंत्रालय. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हे २०१२मध्येच सांगितले होते.

आणि बंगळूरला स्थायी पीठ दिले पाहिजे. त्याची नियमित बैठक धारवाड किंवा बेळगावला भरावी. यासाठी घटनादुरुस्ती नको, कायद्यात बदलही नको. न्यायाधिकरणाची पीठे कोठे बसावीत, हे केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहे. कर्नाटकातील खासदारांनी हा प्रश्न धसास लावला पाहिजे, आणि सीमाभागाच्या नावाने संसदेत आवाज उठवणाऱ्या महाराष्ट्रातील खासदारांनीही त्यात मागे राहू नये. भाषेच्या वादापलीकडे दोन्ही राज्यांनी एकत्र मागावी अशी याहून निर्विवाद मागणी सापडणे कठीण आहे.

बंगळूरमध्ये नेहरू तारांगणाच्या परिसरात राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. तेथे एकसंध शिळेतून घडवलेला ७५ फूट उंचीचा वीरगळ उभा आहे. वीरगळाची परंपरा कन्नड आणि मराठी मुलुखांची सामाईक आहे. गावोगावच्या देवळांबाहेर हे दगड शतकानुशतके उभे आहेत. मेलेल्या वीराचा मान राखायला आपला समाज कधी चुकला नाही. जिवंत परतलेल्या जवानाची मागणी त्याहून फार लहान आहे: निकाल लागला असेल तर तो पाळा, आणि दाद मागायची असेल तर ती घराजवळ मागू द्या. ही मागणी मान्य करणारी टिपणी जेव्हा कोणत्या तरी नस्तीवर लिहिली जाईल, तेव्हा ती लिहिणारा हात कदाचित मराठी अधिकाऱ्याचाही असेल. त्याने ती लिहिताना लेखापरीक्षणाची भीती क्षणभर बाजूला ठेवावी.