कानात काड्या करू नका!

मित्र-मैत्रिणींनो, होस्टेलमध्ये कान खाजायला लागला की हाताला लागेल ती वस्तू कानात जाते. पेनचं टोपण, आगपेटीची काडी, केसांची पिन, बाइकची किल्ली... आमच्या मजल्यावरच्या एका मेकॅनिकलवाल्याने तर व्हर्निअर कॅलिपरची मागची पट्टी वापरलेली मी पाहिली आहे. (डेप्थ मोजत होता म्हणे!) दोन मिनिटं स्वर्गसुख, आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाज. असं का होतं, ते माझ्या कॉन्व्हेंटवाल्या मराठीत सांगायचा हा प्रयत्न. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी मशीन समजून घेऊ. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या भागात मळ तयार होतो. आपण त्याला घाण समजतो, पण तो खरं तर वॉचमन आहे. तो तेलकट असल्यामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, थोडा आम्लधर्मी असल्यामुळे जंतू आणि बुरशी सहज वाढत नाहीत, आणि धूळ त्यात अडकून राहते. नळीची त्वचासुद्धा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने, जवळजवळ नख वाढण्याच्या वेगाने, सरकत असते. म्हणजे कन्व्हेयर बेल्टच! जुना मळ आपोआप बाहेर येतो. आपण कापसाची काडी घालतो तेव्हा तोच माल उलटा आत ढकलतो.

काडीने वॉचमनलाच हाकललं की त्वचा कोरडी पडते. कोरडी त्वचा खाजते, खाजवलं की ओरखडे पडतात, ओरखड्यांनी अजून खाज सुटते. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: काही दिवस कानात काहीच घालू नका. बऱ्याच जणांची खाज एवढ्यावरच कमी होते.

दुसरं मोठं कारण म्हणजे बुरशी. पावसाळ्यातली दमट हवा, आंघोळीचं किंवा पोहण्याचं पाणी आणि आधीच ओरखडलेली त्वचा, तिला अजून काय पाहिजे? कान प्रचंड खाजतो, गच्च वाटतो, आत भिजलेल्या कागदासारखा थर आणि कधी काळे ठिपके दिसतात. अशा वेळी लसणाचं कोमट तेल घालू नका. ईएनटी डॉक्टर तो थर काढतात आणि बुरशीवरचे थेंब देतात, उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल. खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी बाटली बंद करायची नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

आणि खरी गोची इथेच आहे. रूम पार्टनरच्या कपाटात मागच्या वर्षीचे कानाचे थेंब असतातच. ते बहुतेक वेळा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडचे असतात. बुरशी त्यांनी मरत नाही, उलट तिला फावतं. शिवाय पडद्याला भोक असेल तर काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. खाज एकच, पण कारणं वेगळी. म्हणून थेंब उसने घेऊ नका, नोट्स घ्या!

तिसरं कारण त्वचेचं. ज्यांच्या डोक्यात कोंडा आहे, एक्झिमा किंवा सोरायसिस आहे, त्यांच्या कानातही पापुद्रे निघतात. इथे कोंड्याचा इलाज केला की कानालाही आराम पडतो. गरज पडल्यास डॉक्टर सौम्य स्टिरॉइड देतात.

चौथं, ॲलर्जी. कानातल्यांमधलं निकेल, हेअर डाय, शॅम्पू, इअरफोनचं रबर, यापैकी काहीही असू शकतं. संशयित वस्तू बंद करून बघा. इअरफोन तासन्‌तास घातले की आत घाम साचतो. मधेमधे काढा, पुसा आणि दुसऱ्याला देऊ नका. सकाळी शिंका, नाक चोंदणं आणि सोबत कान-घसा खाजणं असेल, तर औषध कानाला नाही, त्या ॲलर्जीला लागतं.

रोजचं पथ्य सोपं आहे. आंघोळीनंतर मान तिरकी करून पाणी काढा आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसा. मळ साचून ऐकू कमी येत असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, स्टेशनबाहेर कान साफ करून देणाऱ्यांकडून नको.

कान ओढल्यावर दुखत असेल, पाणी किंवा पू येत असेल, ऐकू कमी येत असेल, सूज किंवा ताप असेल, तर सबमिशन संपायची वाट न बघता दवाखाना गाठा. डायबेटिस असलेल्या सर-मॅडमनी आणि मेसच्या काकांनी तर कान दुखू लागल्यावर एक दिवसही थांबू नये. त्यांच्यात साधं इन्फेक्शन हाडापर्यंत जाऊ शकतं.

तेव्हा मंडळी, आजपासून कानाला खडा: काड्या करायच्या असतील तर मित्रांच्या करा, कानात नको. आणि हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देऊ नका!