शेंड्याकडून बुडख्याकडे

जुन्या पिढीतल्या बायका ॲल्युमिनियमच्या पातेल्याला अजून ‘जर्मलचं पातेलं’ म्हणतात. त्या पातेल्याचा जर्मनीशी काडीचाही संबंध नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचा एक पांढुरका मिश्रधातू ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने बाजारात आला होता. चांदी त्यात औषधालाही नव्हती. पुढे दुसरा स्वस्त, पांढरा धातू घरात आला, तेव्हा लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं असावं. मग आलं ‘हिंडालियम’. हे नाव ‘हिंदुस्थान ॲल्युमिनियम’ या कंपनीच्या नावावरून घडवलेलं. म्हणजे ‘जर्मन’ भांडं ‘हिंद’चं झालं. पण हा बदल घडला तो उलट्या दिशेने: आधी भांडी, मग धातू आणि सर्वांत शेवटी खाण.

भांड्यांची सुरुवात मद्रासची. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी बनवायला घेतली. पत्रा अर्थातच विलायती. धातूकामाच्या देशी कारागिरीला नवं काम मिळावं, हा चॅटर्टन यांचा हेतू. भांडी खपली, धंदा उभा राहिला. पण तो धातू भारतात तयार व्हायला आणखी ४५ वर्षं जावी लागली.

१९४३ मध्ये केरळातल्या आलुव्याजवळ अलुपुरम इथे देशातली पहिली ॲल्युमिनियम भट्टी पेटली. ‘पेटली’ हा शब्द चुकीचाच, कारण तिथे जाळ नसतो, वीज असते. ही वीज मुन्नारजवळच्या पल्लिवासलच्या पाण्याची होती, पण कच्चा माल, म्हणजे ॲल्युमिना, कॅनडाहून आलेला. पुढच्याच वर्षी आसनसोलजवळ दुसरा कारखाना उत्पादन करू लागला. १९४८ मध्ये आजच्या झारखंडातल्या मुरी इथे ॲल्युमिना तयार व्हायला लागल्यावर ती पांढरी भुकटी रेल्वेने पार केरळात जाऊ लागली. १९५०-५१ मध्ये साऱ्या देशाचं उत्पादन होतं जेमतेम ४ हजार टन.

ज्यापासून ॲल्युमिना निघतो तो बॉक्साइटचा दगड एका टोकाला आणि कारखाना दुसऱ्या टोकाला, असं का? याचं उत्तर मिठात आहे. मीठ वितळवायचं तर ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण आमटीत टाकलं की ते साध्या उकळीलाही विरघळतं. ॲल्युमिनाचंही तसंच. नुसता वितळवायचा तर २००० अंशांच्या वर जावं लागतं. अमेरिकेतला चार्ल्स हॉल आणि फ्रान्समधला पॉल एरू या दोघांनी १८८६ मध्ये, एकमेकांचा पत्ता नसताना, त्याच्यासाठी आमटी शोधली: वितळलेलं क्रायोलाइट नावाचं खनिज. त्यात ॲल्युमिना ९५० अंशांच्या आसपास विरघळतो. मग वीज सोडायची, की तळाशी धातू साचतो. (दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर संपादक कापून टाकील.)

फक्त ही आमटी वीज फार पिते. एका टन धातूला साधारण १४ हजार युनिट लागतात. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला तेवढी वीज जवळजवळ सहा वर्षं पुरेल. शिवाय ती सतत हवी. पुरवठा काही तास तुटला तर भट्ट्यांतला रस थिजतो आणि त्या फोडून पुन्हा उभ्या कराव्या लागतात.

हॉल आणि एरू यांची नावं पाठ्यपुस्तकात येतात. तिसरं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही: कार्ल योसेफ बायर. औषधांच्या बायर कंपनीशी या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचा संबंध नाही. तो सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करत होता, तेही कापड रंगवण्याच्या धंद्यासाठी. सुती कापडावर रंग पक्का बसायला ॲल्युमिनियमचे क्षार लागतात. आपले रंगारी पिढ्यान्‌पिढ्या तुरटी वापरत ती यासाठीच. बायरला हवं होतं शुद्ध ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. पूर्वीच्या पद्धतीने त्याचा चिकट लगदा मिळे, तो ना नीट गाळता येई ना धुता. १८८७ मध्ये बायरने द्रावणात आधीच्या घाण्यातले थोडे स्फटिक टाकले आणि ढवळत राहिला. त्यांच्याभोवती नवे स्वच्छ स्फटिक जमू लागले. थोडक्यात, त्याने विरजण लावलं! पुढे कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली बॉक्साइट थेट शिजवायची युक्तीही त्यानेच काढली. ॲल्युमिनियम विरघळतं, लोखंड तसंच मागे राहतं. ओडिशातल्या दामनजोडीपासून बेळगावपर्यंत ॲल्युमिना बनवायला आजही हेच विरजण लागतं. मागे उरतो तो लाल चिखल, ॲल्युमिनाच्या टनामागे टनभर किंवा त्याहून जास्त. त्याचं करायचं काय, हे बायरने सांगून ठेवलेलं नाही.

बॉक्साइट हा कोकणातल्या जांभ्याचा सख्खा भाऊ. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं, कारण लोक त्याच्या विटा कापत होते. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लॅटर’. लाखो पावसाळे खडक धूत राहिले, सिलिका वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम उरलं. लोखंड जास्त तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त तर बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी-चंदगडच्या पठारांवर हा दगड आहे आणि तो बेळगावच्या कारखान्यात गेला. सत्तरच्या दशकात रत्नागिरीतही ‘बाल्को’ या सरकारी कंपनीचा प्रकल्प ठरला, जमीन संपादित झाली, प्रकल्प काही आला नाही.

देशाच्या नकाशावर हा उद्योग दगडामागे नव्हे, विजेमागे धावला. रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला तो रिहंद धरणाच्या भरवशावर. पाच वर्षांत त्याला स्वतःचं कोळशाचं वीजकेंद्र उभारावं लागलं. कोरब्याच्या कारखान्यामागे कोळसा, अंगूलच्या कारखान्यामागेही कोळसा. पाण्याच्या विजेवर सुरू झालेल्या अलुपुरम, बेळगाव आणि मेट्टूरच्या भट्ट्या मात्र एकेक करून विझल्या.

खाणीचं टोक खऱ्या अर्थाने हाती आलं १९८१ मध्ये ‘नाल्को’ ही सरकारी कंपनी स्थापन झाल्यावर. फ्रेंच तंत्रज्ञान, ओडिशातलं पंचपटमाळी पठार, तिथून खाली दामनजोडीला येणारा साडेचौदा किलोमीटरचा वाहकपट्टा. हे पट्टे ज्या डोंगरांतून उतरतात तिथे माणसं राहतात, हे नियोजनाच्या कागदांवर फार उशिरा उमटलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्याच नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी ‘नाही’ म्हटलं.

आज भारत वर्षाला ४० लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम बनवतो. ‘जगात दुसरा क्रमांक’ हे वाक्य भाषणांत हमखास येतं. पहिल्या क्रमांकावरचा चीन आपल्या सुमारे दहापट बनवतो, हे त्या भाषणात येत नाही. आपल्या लगडी परदेशी जातात. परदेशातून पत्रा, फॉइल आणि लाखो टन भंगार येतं. भंगाराला हसू नये. दगडापासून धातू काढायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांत जुना धातू पुन्हा ओतता येतो. पोचे आलेलं जर्मलचं पातेलं ६६० अंशांना वितळतं. म्हणून भंगारवाला ते घासाघीस करून का होईना, विकत घेतो. फुटक्या प्लॅस्टिकच्या बादलीला तो तेवढी किंमत देत नाही.