विली ब्रांट, खिडकीत या!

जर्मनीतल्या एर्फुर्ट शहरात मुख्य रेल्वे स्थानकाबाहेर पडलं की समोरच एक भारदस्त जुनी इमारत दिसते. हे ‘एर्फुर्टर होफ’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने येणाऱ्या बड्या प्रवाशांसाठी हे आलिशान हॉटेल उभं राहिलं. पुढे दोन महायुद्धं झाली, देशाची फाळणी झाली आणि एर्फुर्ट कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत गेलं. हॉटेल सरकारी ‘इंटरहोटेल’ साखळीत सामील झालं. एवढंच असतं, तर आज या इमारतीची आठवण काढायला फारसं कारण उरलं नसतं.

पण 19 मार्च 1970 चा दिवस उजाडला. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रं वेगळी झाल्यापासून त्यांचे सरकारप्रमुख एकदाही समोरासमोर बसले नव्हते. ही भेट खरं तर पूर्व बर्लिनमध्ये व्हायची होती. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांना तिथे पश्चिम बर्लिनमार्गे जायचं होतं. पूर्वेच्या सरकारला ते मान्य नव्हतं, कारण त्यामुळे पश्चिम बर्लिन पश्चिम जर्मनीचंच असल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. अखेर मधला मार्ग म्हणून सीमेपासून फार लांब नसलेलं एर्फुर्ट ठरलं. ब्रांट खास रेल्वेगाडीने आले. स्थानक आणि हॉटेल यांच्यामध्ये फक्त एक चौक होता. यजमान होते पूर्व जर्मनीचे पंतप्रधान विली श्टोफ.

तो चौक पोलिसांच्या हाताबाहेर गेला. लोक कडं तोडून आत घुसले आणि ‘विली! विली!’ असा घोष सुरू झाला. पण हा घोष कुणाचा? पाहुणे विली आणि यजमानही विली! यजमानांच्या पक्षाला वाटलं असतं तर त्यांनी ही हाक आपल्याच नेत्याच्या नावे खुशाल जमा केली असती. गर्दीने ती सोयच ठेवली नाही. आडनावासकट आरोळी उठली: ‘विली ब्रांट, खिडकीत या!’ स्वतःच्या सरकारच्या नाकासमोर, परक्या म्हणवल्या जाणाऱ्या पाहुण्याला, अगदी नेमक्या शब्दांत. या नेमकेपणाचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. भीतीच्या राज्यात माणसं सहसा मोघम बोलतात.

ब्रांट खिडकीत आले. हात हलवून अभिवादन नाही, भाषण नाही. तळवे खाली करून हात हळूच दाबल्यासारखे केले: शांत व्हा, जपा. पुढे आठवणींमध्ये त्यांनी लिहिलं की आपण दुसऱ्या दिवशी आपल्या राजधानीत, बॉनला परत असू, पण हे लोक इथेच असतील, हा विचार त्यांच्या मनात होता. किती खरं होतं ते! त्या दिवसाच्या घोषणांपायी अनेकांना अटक झाली. खाली जमलेल्यांना चेतवायला एक वाक्य पुरलं असतं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं असतं. पण त्याची किंमत ब्रांट यांना मोजावी लागणार नव्हती. ते वाक्य न उच्चारणं ही मला त्या दिवसातली सर्वांत मोठी कृती वाटते. त्याच दुपारी ते जवळच्या बुखेनवाल्ड छळछावणीच्या स्मारकावर गेले. नाझींमुळे तरुणपणीच देश सोडावा लागलेल्या माणसासाठी ती काही औपचारिक फेरी नव्हती.

चर्चेतून त्या दिवशी हाती काही लागलं नाही. मे महिन्यात दोघे पुन्हा कासेल इथे भेटले, तेव्हाही नाही. पण वाट मोकळी झाली होती: 1972 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही राष्ट्रांनी परस्परसंबंधांचा करार केला. त्याआधीच 1971 मध्ये ब्रांट यांना शांततेचं नोबेल मिळालं होतं. आणि 1989 च्या डिसेंबरमध्ये, बर्लिनची भिंत पडल्यावर काही आठवड्यांतच, याच एर्फुर्टच्या नागरिकांनी गुप्त पोलिसांच्या, म्हणजे ‘श्टाझी’च्या, जिल्हा कार्यालयात शिरून ते ताब्यात घेतलं. कागदपत्रं जाळली जात असल्याचा संशय होता. असं ताब्यात गेलेलं श्टाझीचं हे पहिलं जिल्हा कार्यालय.

हॉटेलला मात्र दोन्ही जर्मनींचं एकीकरण मानवलं नाही. 1995 मध्ये ते बंद पडलं आणि इमारत अनेक वर्षं रिकामी राहिली. डागडुजी झाल्यावर तिथे कार्यालयं आणि दुकानं आली. समोरच्या चौकाला ब्रांट यांचं नाव मिळालं. 2009 मध्ये डेव्हिड मान्श्टाइन या कलावंताने इमारतीच्या छपरावर उजळणारी मोठी अक्षरं बसवली. स्मारक म्हटलं की नेत्याचा पुतळा आणि त्याचं वचन हे ठरलेलं असतं. इथे अक्षरं आहेत गर्दीने दिलेल्या हाकेची, आणि ती हाक पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली हे कुठेच कोरलेलं नाही.