हाडवैद्याची शाळा आणि डोंगरातला अर्ज

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा पूर्ण परवाना मिळवून देणाऱ्या पदव्या दोन आहेत, एम.डी. आणि डी.ओ. यांपैकी दुसरी, म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन', महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकालाही बहुधा अपरिचित असते, आणि परिचित वाटलीच तर चुकीच्या कारणाने, कारण भारतात डॉक्टरच्या नावापुढे ही दोन अक्षरे दिसली तर ती नेत्ररोगशास्त्रातील पदविकेची असतात. घोळ इथेच संपत नाही. ब्रिटनमध्ये 'ऑस्टिओपॅथ' म्हणजे सांध्यांवर व स्नायूंवर हाताने उपचार करणारा, शस्त्रक्रियेचा अधिकार नसलेला व्यावसायिक, तर अमेरिकेतील डी.ओ. बाळंतपणापासून मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत कोणत्याही शाखेत काम करू शकतो. त्या देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज या पदवीसाठी शिकत आहे, आणि ती देणाऱ्या चाळीसहून अधिक महाविद्यालयांपैकी कित्येक मुद्दाम अशा प्रदेशांत वसवलेली आहेत, जिथे डॉक्टर येत नाहीत आणि आले तर टिकत नाहीत. अशा महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज वरवर रुक्ष वाटला तरी फार बोलका असतो, कारण खेड्याला डॉक्टर कसा मिळवावा या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर त्याच्या रकान्यांत लिहिलेले आहे.

या पद्धतीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल १८२८ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य टोकाला, ओंडक्यांच्या घरात जन्मला. त्याचे वडील मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक आणि वैद्य असे दोन्ही होते, आणि स्टिलने वैद्यकी शिकली ती मुख्यतः त्यांच्या हाताखाली, जसे त्या काळी सीमाप्रदेशातील बहुतेक डॉक्टर शिकत. १८६४ मध्ये मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या व मज्जारज्जूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या रोगाच्या, साथीत त्याच्या घरातील तीन मुले दगावली. डॉक्टर घरी येत होते, त्यांचा हेतूही शुद्ध होता, पण त्यांच्या पेटीत पाऱ्याची संयुगे, अफू आणि मद्यार्क यांपलीकडे फारसे काही नव्हते, आणि या अनुभवानंतर स्टिलचा औषधांवरील विश्वास कायमचा उडाला. हाडे, स्नायू, रक्ताभिसरण आणि मज्जातंतू यांची रचना बिघडली की रोग होतो व ती हाताने पूर्ववत केली की शरीर स्वतःच बरे होते, हा सिद्धांत त्याने १८७४ मध्ये जाहीर केला. कॅन्सस राज्यातील ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्याच्या कुटुंबाने हातभार लावला होता, तेथे त्याला हे विचार मांडू दिले गेले नाहीत, तेव्हा तो मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या शेतकरी गावात येऊन राहिला आणि गावोगाव फिरून 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' म्हणून स्वतःची जाहिरात करू लागला.

'हाडवैद्य' हा मराठी शब्द येथे केवळ सोयीचा म्हणून वापरलेला नाही. निखळलेला खांदा जागच्या जागी बसवणारा, चिमटलेली शीर बोटांनी शोधणारा आणि पदवीधर डॉक्टरांच्या कुचेष्टेचा विषय असलेला जो माणूस महाराष्ट्रात गावोगावी ओळखीचा आहे, त्याच जातकुळीचा स्टिल होता. फरक इतकाच की त्याने आपल्या हातातील कसब मुलालाच शिकवून न थांबता त्याची शाळा काढली. १८९२ मध्ये दोन खोल्यांच्या लाकडी घरात ती सुरू झाली तेव्हा शरीररचनाशास्त्र शिकवायला एडिनबरोत शिकलेला एक डॉक्टर होता, आणि पहिल्या वर्गातील विसाएक विद्यार्थ्यांत पाच स्त्रिया होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे. एम.डी. पदवी देण्याची मुभा असूनही स्टिलने वेगळी पदवी देणे पसंत केले, आणि त्याच्या या हट्टातून पुढचे शंभर वर्षांचे भांडण जन्मले.

कर्क्सव्हिलच्या संग्रहालयात स्टिलचे जन्मघर आणि ती दोन खोल्यांची शाळा, दोन्ही आणून ठेवलेली आहेत. तथापि जिज्ञासूने अधिक वेळ द्यावा तो एका काचेच्या पेटीला. १९२५ मध्ये तेथील दोन विद्यार्थ्यांनी पंधराशेहून अधिक तास खर्चून एका मृतदेहातील संपूर्ण मज्जासंस्था, मेंदूपासून बोटांच्या टोकांपर्यंतचा प्रत्येक दोरा न तोडता, वेगळी काढून तीत मांडली. असे नमुने जगात मोजकेच आहेत. हाताला दिसले पाहिजे, या स्टिलच्या आग्रहाचे याहून चांगले स्मारक कल्पिता येणार नाही.

मधला इतिहास थोडक्यात असा: व्हरमाँट राज्याने १८९६ मध्ये पहिली मान्यता दिली, १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने या शाळांवर इतर अनेक वैद्यकीय शाळांप्रमाणेच कोरडे ओढले, त्यानंतर अभ्यासक्रमात औषधशास्त्र व शस्त्रक्रिया पूर्णपणे आली, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. होण्याची सोय करून ही शाखा गिळण्याचा प्रयत्न झाला, १९६६ मध्ये सैन्यदलाने या डॉक्टरांना दार उघडले आणि १९७३ पर्यंत पन्नासही राज्यांनी त्यांना पूर्ण परवाना दिला. हस्तोपचाराचे सुमारे दोनशे तासांचे शिक्षण आजही सक्तीचे आहे. कंबरदुखीसारख्या तक्रारींत त्याला काही आधार सापडतो, कवटीची हाडे बोटांनी हलवण्याच्या दाव्याला मात्र सापडत नाही, आणि तो दावा अभ्यासक्रमातून काढून टाकण्याचे धैर्य या शाखेने अजून दाखवलेले नाही.

१९७० नंतर निघालेल्या महाविद्यालयांनी खेड्यांची वाट धरली. वेस्ट व्हर्जिनियातील लुइसबर्ग या छोट्या गावात १९७२ मध्ये बंद पडलेल्या एका लष्करी शाळेच्या आवारात अशा महाविद्यालयाने जागा घेतली आणि १९७४ मध्ये त्याचे वर्ग सुरू झाले. पूर्व केंटकीतील पाइकव्हिल येथे १९९७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातील फळबागांच्या याकिमा खोऱ्यात २००८ मध्ये, आणि ओक्लाहोमातील टालेक्वा येथे चेरोकी आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर २०२० मध्ये आणखी महाविद्यालये उभी राहिली. यांतील पाइकव्हिल सर्वांत विलक्षण. ॲपलेशियन पर्वतराजीतील हे गाव नदीच्या वळणात इतके कोंडलेले होते की १९७३ ते १९८७ या काळात डोंगर कापून, सुमारे १ कोटी ८० लाख घनयार्ड खडक-माती उपसून, नदी, रेल्वे आणि महामार्ग यांना नवी वाट करून द्यावी लागली, तेव्हा कुठे गावाला पसरायला जागा मिळाली. भोवतालचा प्रदेश कोळशाच्या खाणींचा आहे. खाणकामगारांच्या फुप्फुसांत धूळ साचून ती दगडासारखी होतात, त्या रोगाला तेथे 'ब्लॅक लंग' म्हणतात, आणि तो हटल्यात जमा आहे असे मानले जात असतानाच, २०१६ च्या डिसेंबरात, पाइक काऊंटीतील एकाच क्ष-किरण दवाखान्यात वीस महिन्यांत त्याच्या सर्वांत उग्र प्रकाराचे ६० रुग्ण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. केंटकी राज्य कोळशाच्या उत्खननावर कर घेते, आणि त्या करातून पाइकव्हिलला शिकणाऱ्या राज्यातील विद्यार्थ्यांना शुल्कासाठी शिष्यवृत्ती दिली जाते, जिच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष राज्यात प्राथमिक आरोग्यसेवा करावी लागते. ज्या कोळशाने छाती निकामी केली त्याच कोळशाने ती तपासणारा डॉक्टर घडवावा, हा हिशेब क्रूर असला तरी चोख आहे.

आता अर्ज. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश बारावीनंतर मिळत नाही. चार वर्षांची पदवी लागते आणि 'एमकॅट' नावाची दिवसभराची परीक्षा द्यावी लागते, जिचे गुण ४७२ ते ५२८ या दरम्यान दिले जातात. डी.ओ. महाविद्यालयांसाठी 'आकोमास' ही मध्यवर्ती अर्जसेवा असून ती साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला खुली होते (टेक्सासमधील सार्वजनिक महाविद्यालये आपली चूल वेगळी मांडतात). तिच्यात ५३०० अक्षरांचे आत्मनिवेदन लिहायचे असते, आणि हा आकडा रिकाम्या जागा धरून असल्याने पाल्हाळाला वाव उरत नाही. त्यानंतर प्रत्येक महाविद्यालय आपला स्वतंत्र दुसरा अर्ज पाठवते, मग मुलाखत होते. जागा 'रोलिंग' पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसतसे पाहून, भरल्या जातात, त्यामुळे जुलैतला अर्ज आणि डिसेंबरातला अर्ज गुणांनी सारखे असले तरी नशिबाने सारखे नसतात.

खेड्यांसाठीच्या महाविद्यालयांचे वेगळेपण या दुसऱ्या अर्जात आणि मुलाखतीत दिसते. अर्जदार कोणत्या काऊंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या घटकात, वाढला, त्याची माध्यमिक शाळा कुठे होती, आईवडील काय करत, त्या प्रदेशाशी त्याचा संबंध काय आणि पदवीनंतर तो कुठे राहू इच्छितो, या प्रश्नांना तेथे गुणपत्रिकेइतकेच वजन येते. डी.ओ. डॉक्टरचे शिफारसपत्र कुठे आवश्यक तर कुठे उपयोगी मानले जाते आणि ते मिळवायचे तर त्या डॉक्टरच्या दवाखान्यात त्याच्या मागे मागे राहून काम पाहावे लागते. याला तेथे 'शॅडोइंग' असा अगदी नेमका शब्द आहे. शहरात वाढलेल्या आणि अर्जाच्या महिन्यातच खेड्याच्या प्रेमात पडलेल्या उमेदवाराची पंचाईत येथेच होते. निबंधात डोंगर, धुके आणि गरिबांचे डोळे यांची वर्णने त्याला करता येतात, पण सर्वांत जवळचे प्रसूतिगृह किती मैलांवर आहे, हे त्याला सांगता येत नाही.

हा आग्रह भाबडेपणाचा नाही, त्यामागे पुरावा आहे. फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाने, जे एम.डी. शाखेचे आहे, १९७४ मध्ये ग्रामीण पार्श्वभूमीच्या आणि कुटुंबवैद्यक निवडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रवेशयोजना सुरू केली आणि तिच्या पदवीधरांचा अनेक दशके माग ठेवला. त्या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष असा, की डॉक्टर खेड्यात जाईल की नाही हे ओळखण्याच्या खुणांत तो स्वतः खेड्यात वाढला का, ही सर्वांत ठळक आहे, आणि प्रवेशाच्या वेळीच कुटुंबवैद्यक निवडण्याचा त्याचा इरादा होता का, ही तिच्या खालोखाल. अभ्यासक्रमात काय शिकवले याचा प्रभाव यापुढे लहान ठरतो. म्हणजे खेड्याचा डॉक्टर वर्गात घडण्याआधी पुष्कळसा निवडसमितीच्या टेबलावर ठरतो.

महाराष्ट्राने या प्रश्नाला उलट्या टोकाने हात घातला आहे. प्रवेश 'नीट'च्या एका आकड्यावर होतो, उमेदवार मेळघाटचा की मलबार हिलचा हे त्या आकड्याला कळत नाही, आणि पदवी हाती आल्यावर एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र पुढे येते, जे पूर्वी दहा लाख रुपये दंड भरून मोडता येत असे. अपवाद सेवाग्रामचा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत 'नीट' येण्यापूर्वी गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. शिवाय नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमातील शिबिर, प्रत्येक तुकडीने दत्तक घ्यायचे गाव आणि पदव्युत्तर प्रवेशाआधीची दोन वर्षांची ग्रामसेवा ही त्या संस्थेची ओळख ठरली. त्या प्रश्नपत्रिकेचीही घोकंपट्टी होत असणार, हे मान्य करूनही, ती गेल्याने निवडीचा एक दरवाजा बंद झाला असे म्हणावेच लागते.

अमेरिकेचे कौतुक मात्र मर्यादेत राहिलेले बरे. बंधपत्र तेथेही आहे, फक्त ते परक्याच्या गळ्यात पडते: १९९४ च्या कायद्यानुसार, जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेला परदेशी डॉक्टर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करील तर त्याला मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते, आणि दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा आहेत. ॲपलेशियातील अनेक दवाखाने भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी याच मार्गाने चालवले आहेत. दुसरा दोष खर्चाचा. डी.ओ. महाविद्यालये बहुतांशी खासगी असून त्यांच्या पदवीधरांवर सरासरी अडीच लाख डॉलरांच्या आसपास कर्ज असते, आणि 'नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर' ही केंद्रीय योजना टंचाईच्या भागातील सेवेच्या बदल्यात कर्ज फेडत असली तरी शहरातील विशेषज्ञाचे उत्पन्न तिच्यापेक्षा मोठ्याने हाक मारते. बहुतेक ग्रामीण महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालयही नसते, म्हणून तिसऱ्या व चौथ्या वर्षी विद्यार्थी दूरदूरच्या लहान रुग्णालयांत विखुरतात. कुठे त्यांना एकट्या डॉक्टरच्या शेजारी उभे राहून सगळे शिकायला मिळते, तर कुठे शिकवणाऱ्याला वेळच नसतो.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांपैकी या मार्गाने जाणारी आता दिसू लागली आहेत, आणि 'डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर ना?' हा प्रश्न त्यांच्या पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडून अजून सुटलेला नाही. त्याचे उत्तर होय असे आहे. त्या मुलांपैकी ज्यांचे मन पाइकव्हिल किंवा लुइसबर्गकडे ओढ घेत असेल, त्यांनी आत्मनिवेदनाची ५३०० अक्षरे जुळवण्याआधी अशा गावात निदान एक महिना राहून तेथील डॉक्टरच्या मागे फिरावे. तो महिना जानेवारीचा असेल तर अधिक बरे.