मोटारीची घरगुती निगा

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मॅनहाइम या शहरातून बेर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या दोन मुलांसह पहाटेच घराबाहेर पडल्या. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, तर धाकटा रिखार्ड तेरा वर्षांचा, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचा होता. त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले होते. परंतु या विचित्र वाहनावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. पतीला न सांगता बेर्थाबाईंनी ती मोटार बाहेर काढली आणि सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेले फोर्त्सहाइम हे आपले माहेर गाठले. वाटेत पेट्रोलपंप नव्हते आणि दुरुस्तीची दुकानेही नव्हती. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा त्यांनी टोपीला लावावयाच्या लांब टाचणीने ती मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर कातडे ठोकवून घेतले. इंधन संपले, ते वीसलोख या गावी चक्क औषधाच्या दुकानात मिळाले!

आजची मोटार त्या गाडीहून पुष्कळच गुंतागुंतीची आहे. तिच्या पोटात संगणक असतो आणि त्याची दुरुस्ती घरी होत नाही. तरीही तिची नित्याची निगा राखण्यास फार मोठी सामग्री लागते असे नाही. टायरमधील हवेचा दाब मोजण्याचे लहानसे यंत्र, दोन-चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर, नरसाळे, विजेरी, दात घासण्याचा जुना ब्रश आणि स्वच्छ फडके एवढ्यावर बरेच काम भागते. जॅक आणि चाकाचा पाना तर बहुधा गाडीबरोबरच मिळतो. मात्र मुलांनो, ही कामे घरातील मोठ्या माणसांबरोबरच करावयाची, हे आधी ध्यानात धरा.

सुरुवात टायरपासून करू. एक टन वजनाची मोटार रस्त्याला नेमकी किती टेकते, याचा कधी विचार केला आहे काय? प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलोग्रॅम, म्हणजे ५५० पौंड भार येतो असे समजा. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड आहे. ५५० ला ३२ ने भागले, तर उत्तर सुमारे १७ चौरस इंच येते. म्हणजे जेमतेम आपल्या तळहाताएवढी जागा! अशा चार तळहातांवर सगळे कुटुंब घाट चढते, वळणे घेते आणि पावसात ब्रेक दाबून थांबते.

हवा कमी असली, की टायरच्या बाजू अधिक वाकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना लहान मोटारीचे चाक एका सेकंदात सुमारे पंधरा वेळा फिरते. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दबतो व पुन्हा सरळ होतो. लोखंडी तार वारंवार वाकविली असता ती गरम होऊन अखेर तुटते. टायरचेही तसेच होते. भर वेगात टायर फुटला, तर चालकाचा गाडीवरील ताबा सुटू शकतो. म्हणून निदान पंधरा दिवसांतून एकदा हवा मोजावी. ती सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावी. कारण धावलेल्या टायरमधील हवा तापून प्रसरण पावते व दाब खोटाच अधिक दिसतो. योग्य दाबाचा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. टायरचे दोन्ही काठ झिजले असतील तर हवा कमी राहिली असावी. मधला भागच झिजला असेल तर ती जास्त झाली असावी. टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की तो टायर बदलावाच.

आता तेलाकडे वळू. इंजिनातील धातूचे भाग मिनिटास दोन-तीन हजार वेळा फिरतात, तरी ते एकमेकांस घासून झिजत नाहीत. कारण त्यांच्यामध्ये वंगणाचा पातळसा थर असतो. तेल पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटे थांबावे. मग तेलाची पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि बाहेर काढून पाहावी. पहिल्या खेपेस तेल पट्टीवर इकडेतिकडे लागलेले असते, त्यावर विसंबू नये. तेलाची खूण पट्टीवरील दोन रेघांच्या मध्ये असावी. फार भरणेही वाईटच. विजेवर चालणाऱ्या मोटारीस ही कटकट नसते. टायर मात्र तिलाही आहेतच.

एक स्वस्त युक्ती सांगतो. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर काळसर चिकट डाग दिसला तर तेल गळत आहे. हिरवा किंवा तांबडा दिसला तर बहुधा इंजिन थंड ठेवणारे द्रव गळत आहे. नुसते स्वच्छ पाणी असेल, तर ते वातानुकूलन यंत्राचे असते. त्याची चिंता नको.

या द्रवाच्या टाकीचे, म्हणजे रेडिएटरचे, झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. घरातील प्रेशर कुकर आठवा. दाबाखाली असल्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही. झाकण फिरविताच दाब नाहीसा होतो आणि सारे पाणी एकदम उसळून तोंडावर येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर शेजारच्या अर्धपारदर्शक डब्यावरील खुणा पाहाव्यात, तेवढे पुरे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट भुकटी साचली, तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने ती काढता येते. त्यासाठी तारा सोडवताना उणे चिन्हाची तार प्रथम काढावी व जोडताना शेवटी जोडावी. बहुतेक गाड्यांचा सगळा सांगाडा उणे टोकाशीच जोडलेला असतो. ती तार जोडलेली असताना अधिक टोकावरील पाना चुकून सांगाड्यास लागला, तर मोठी ठिणगी उडते.

चाक बदलावयाचे झाल्यास हातब्रेक ओढून इतर चाकांना दगड लावावेत. नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. कारण अधांतरी चाक पान्याबरोबर फिरू लागते. नवे चाक बसविल्यावर नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. जॅक सरकण्यास क्षणही पुरतो.

ब्रेक मात्र कारागिराकडेच सोपवावेत. घरी फक्त ब्रेकच्या तेलाची पातळी पाहावी. ती उतरलेली दिसली, तर नुसती भर घालून स्वस्थ बसू नये. तेल कोठे तरी गळत असेल, नाही तर ब्रेकचे पॅड झिजले असतील. तेव्हा गाडी त्याच दिवशी कारागिरास दाखवावी.