विश्लेषण : घरातील ‘जीपीएस टाइम सर्व्हर’ चुकला, तर दोष शोधायचा कुठे?

इंटरनेट बंद पडले तरी घरातील संगणक आणि सीसीटीव्हीची घड्याळे बरोबर चालावीत, यासाठी उपग्रहावरून वेळ घेणारा छोटा ‘टाइम सर्व्हर’ काही हजार रुपयांत घरीच उभारता येतो. मात्र तो चुकीची वेळ दाखवू लागला की हौशी तंत्रज्ञही गोंधळतात. धाराशिवसारख्या जिल्ह्यात विजेचा लपंडाव आणि पत्र्याची छते यांची त्यात भर पडते. प्रत्यक्षात चूक किती सेकंदांची, तासांची किंवा वर्षांची आहे, यावरूनच बहुतेक वेळा दोष ओळखता येतो.

घरात टाइम सर्व्हर कशासाठी?

साध्या उपकरणातील क्वार्ट्झ स्फटिकाचे घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद सहज सरकते. इंटरनेट नसलेला सीसीटीव्ही रेकॉर्डर अशाने वर्षभरात दहा मिनिटांपर्यंत चुकू शकतो. दुकानातील चोरीचे चित्रण पोलिसांना देताना दोन कॅमेऱ्यांच्या वेळा जुळल्या नाहीत, तर घटनाक्रमच लावता येत नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारे सुरक्षा संकेतांक देणारे अॅपही घड्याळ चुकले की चालत नाही.

अचूक वेळेचे मोल या भागाला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात हाहाकार उडवला. जवळपास दहा हजार जणांचा बळी गेला. भूकंपाचा केंद्रबिंदू काढताना वेगवेगळ्या केंद्रांवर लहरी केव्हा पोहोचल्या, हे पाहिले जाते. प्राथमिक लहरी कवचातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने जातात. म्हणजे घड्याळ एका सेकंदाने चुकले, तरी केंद्रबिंदू काही किलोमीटर सरकू शकतो. म्हणूनच आज भूकंपमापन केंद्रे उपग्रहावरून मिळणाऱ्या वेळेवर चालतात. घरचा टाइम सर्व्हरही त्याच तत्त्वावर काम करतो.

यंत्रणा चालते कशी?

अँटेना, जीपीएस रिसीव्हर आणि रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक एवढेच साहित्य लागते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यांचे संदेश घेऊन रिसीव्हर संगणकाला दोन गोष्टी देतो. पहिली, ‘आता अमुक वाजले’ असा मजकूर. दुसरी, प्रत्येक सेकंदाच्या आरंभी येणारा विजेचा ठोका, म्हणजे ‘पीपीएस’. शाळेतील घंटेचा टोल नेमका क्षण सांगतो, पण किती वाजले ते सांगत नाही. इथेही तसेच आहे. ठोका आणि मजकूर दोन्ही मिळाले, तरच वेळ अचूक ठरते. ‘जीपीएसडी’ आणि ‘क्रोनी’ या मोफत प्रणाली त्यांचा मेळ घालतात.

आधी काय तपासायचे?

सर्वप्रथम अँटेना. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली ठेवलेल्या अँटेनाला उपग्रह दिसत नाहीत, खिडकीत अर्धेच आकाश मिळते. स्थान आणि वेळ दोन्ही काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. ढग किंवा पावसाचा जीपीएसवर फारसा परिणाम होत नाही. पावसाळ्यात संदेश तुटत असेल, तर केबलच्या जोडात पाणी शिरले आहे का, ते पाहावे. अँटेना संगणकाला चिकटून ठेवू नये. मराठवाड्यात वळिवाच्या दिवसांत विजा कोसळतात, त्यामुळे गच्चीवरील अँटेनासाठी सर्ज अरेस्टर लावणे शहाणपणाचे.

चूक किती, त्यावरून दोष कोणता?

साडेपाच तास : घड्याळ बिघडलेले नाही, टाइम झोन चुकला आहे. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळच वाटतो. साडेपाच तास मिळवण्याचे काम कॅमेरा किंवा संगणकाचे असते.

१८ सेकंद पुढे : जीपीएसची स्वतःची वेळ १९८०पासून सलग चालते, त्यात लीप सेकंद धरले जात नाहीत. तेव्हापासून असे १८ सेकंद जमले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७च्या पहाटे साडेपाचला धरला गेला. हा फरक वजा होत नसेल, तर घड्याळ १८ सेकंद पुढे धावते. लीप सेकंदांची माहिती उपग्रह दर साडेबारा मिनिटांनी एकदाच पाठवतात. त्यामुळे नव्याने सुरू केलेला रिसीव्हर पहिली काही मिनिटे एक-दोन सेकंद चुकला, तर थोडे थांबावे.

सेकंदाचा काही भाग : संगणक फक्त मजकुरावर चालला आहे. मजकूर तारेतून पोहोचायला वेळ लागतो आणि तो वेळ दरवेळी सारखा नसतो. पीपीएसची तार योग्य पिनेला जोडली आहे का आणि क्रोनीत ती नोंदवली आहे का, हे तपासावे.

१९ वर्षे ७ महिने मागे : जुन्या जीपीएस संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ला पोहोचली की पुन्हा शून्यावर येते. शेवटचे असे वळण एप्रिल २०१९मध्ये आले. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांतील दोषामुळे तर २४ ऑक्टोबर २०२१ रोजी तारीख थेट मार्च २००२वर गेली होती. उपाय एकच : रिसीव्हर आणि प्रणाली अद्ययावत करणे.

वीज आल्यानंतर जुनीच वेळ : रास्पबेरी पायच्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या संगणकांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नसते. ते स्वतंत्रपणे बसवावे किंवा छोटा यूपीएस जोडावा. क्रोनीत ‘मेकस्टेप’ ही सूचना असेल, तर सुरुवातीलाच उडी मारून वेळ दुरुस्त होते.

२६ मिनिटे : हा दोष नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. धाराशिव ७६ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे येथे सूर्य सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी माथ्यावर येतो.

सर्व्हर बरोबर, पण कॅमेरा वेळ घेत नसेल तर?

क्रोनीच्या यादीत स्रोताजवळ तारांकन दिसले, तर तो निवडला गेला आहे. ‘रीच’ या रकान्यात ३७७ हा आकडा असेल, तर शेवटचे आठही प्रयत्न यशस्वी झाले आहेत. शून्य असेल, तर संपर्कच नाही. क्रोनीत घरच्या नेटवर्कला परवानगी दिली आहे का, फायरवॉलमध्ये यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट खुले आहे का, राउटरने सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला आहे का, हे क्रमाने पाहावे. मात्र हे पोर्ट घराबाहेरील इंटरनेटसाठी उघडू नये. हल्लेखोर त्याचा गैरवापर करतात.

एकाच घड्याळावर विसंबावे का?

नाही. अणुघड्याळेही बंद पडतात. भारताच्या ‘नाविक’ मालिकेतील आयआरएनएसएस-१ए उपग्रहाची तिन्ही घड्याळे निकामी झाली होती. पुढे २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१मध्ये स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. घरच्या सर्व्हरलाही जीपीएसच्या जोडीला इंटरनेटवरील तीन-चार स्रोत द्यावेत. दोनच घड्याळे असली आणि ती जुळली नाहीत, तर खोटे कोण, हे कळत नाही. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर त्यासाठी उपलब्ध आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना याच प्रयोगशाळेशी किंवा एनआयसीशी घड्याळे जुळवण्यास सांगितले. घरांना ती सक्ती नाही; पण जीपीएस गेले तर इंटरनेट आणि इंटरनेट गेले तर जीपीएस, अशी दुहेरी सोय असली, तर सीसीटीव्हीवरील वेळेबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही.