राजवाड्याकडून रस्त्याकडे

1830 साली फ्रान्सच्या गादीवर लुई फिलिप बसला आणि त्याच वर्षी शार्ल फिलिपाँने पॅरिसमध्ये ‘ला कारिकात्यूर’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. दोन वर्षांनी ‘ल शारिवारी’ हे दैनिक आलं. दोन्हींचा कणा शिळाछाप. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची आणि वर शाई फिरवायची. शाई फक्त रेघा धरतात. खोदकामाची गरज नाही, त्यामुळे चित्रकाराच्या हाताचा जोर जसाच्या तसा कागदावर उतरतो.

या कामातला सर्वात मोठा हात ओनोरे दोमिएचा. गरिबांचा कर गिळणारा अजस्र राजा रेखाटल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. तरी 1834 मध्ये त्याने त्रान्सनोन्याँ गल्लीतल्या हत्याकांडाचं चित्र काढलंच. सैनिकांनी घरात घुसून मारलेला, रात्रीच्या सदऱ्यातला माणूस पलंगाशी पडला आहे आणि त्याच्या अंगाखाली लहान मूल चिरडलं आहे. व्यंगाचा लवलेश नाही. मी तरी त्या चित्रावरून नजर झटकन काढू शकत नाही.

सप्टेंबर 1835 च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसवला. मग दोमिए घरमालक-भाडेकरू, नवरा-बायको, नदीत डुंबणारे शहरी लोक, आगगाडीचे प्रवासी यांच्याकडे वळला. व्यंगचित्रकार गावार्नीही याच काळातला. त्याची चित्रं देखणी, पण दोमिएइतकी खोल जात नाहीत. सक्तीने बदललेला हा विषयच दोमिएचं खरं घर ठरला, असं माझं मत आहे.

लहानपणी त्याने कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्याचं काम केलं होतं. 1845 पासूनच्या वकिलांवरच्या मालिकेत ती ओळख दिसते. एका चित्रात वकील खटला हरलेल्या अशिलाची समजूत घालतो: निकाल विरुद्ध गेला खरा, पण माझं भाषण ऐकायला तर मिळालं! मथळे बहुधा दुसरेच लिहीत. पण वकिलाचं वर गेलेलं नाक आणि झग्याचा फुगारा बघितला की मथळा लागतच नाही.

लेखन करणाऱ्या स्त्रियांवरची त्याची 1844 ची मालिका मात्र अन्यायाची आहे. न्यायाधीशांच्या ढोंगावर तुटून पडणारा हा माणूस तिथे आपल्या काळाच्या पूर्वग्रहांमागे गेला.

सुमारे चार हजार शिळाचित्रं काढून, जवळजवळ अंध अवस्थेत, दोमिए 1879 मध्ये वारला. त्यातली पुष्कळ चित्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. सुरुवात वकिलांपासून करा.